अण्णा नाईक प्रेक्षकांना आवडले, हे ‘रात्रीस खेळ चाले’चे यश की अपयश?

खळ्यातला पाहुणा (कणकवली):
नमस्कार मंडळी. ‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेचे तिन्ही भाग पाहिलेल्यांची मते जाणून घ्यायची आहेत. २०१६ मधला पहिला भाग सुरू होतो तोच घरचे कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूने. त्यामुळे त्यात अण्णा दिसण्यापेक्षा त्यांची दहशतच अधिक जाणवत राहते. २०१९ च्या दुसऱ्या भागात लेखकांनी काळ मागे नेला आणि हा जमिनी बळकावणारा, बायकोला मारझोड करणारा, माणसांच्या जिवावर उठणारा गृहस्थ पाहता पाहता घराघरांतला लाडका झाला. गणपतीला आलेले चाकरमानीसुद्धा आरती आटोपली की त्यांच्या हसण्याची नक्कल करू लागले. अण्णा साकारणाऱ्या माधव अभ्यंकर यांचा अभिनय उत्तम आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझा आक्षेप लेखनावर आहे. शेवंता या प्रेयसीबरोबरच्या प्रसंगांना इतका वेळ आणि इतकी मोहक मांडणी मिळाली की अण्णांचे गुन्हे जाता जाता घडल्यासारखे वाटू लागले. आपल्याला काय वाटते?

संकासूर (वेंगुर्ले):
आपला आक्षेप मला पटत नाही. खलपुरुषावर जीव लावणे आपल्या भागाला नवे नाही. जत्रेत मध्यरात्रीनंतर दशावतार या आपल्या लोकनाट्याचा प्रयोग उभा राहतो तेव्हा डुलक्या घेणारा प्रेक्षक जागा होतो तो राक्षसाच्या प्रवेशाला, देवाच्या नव्हे. मृदंग आणि झांजांचा आवाज चढतो, राक्षस आरोळी ठोकतो आणि पुढे बसलेली पोरे मागे सरकतात. लिखित संहिता नसल्यामुळे तो नट संवाद जागेवरच रचत असतो. त्यात तो जितका रंगतो तितका प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतो. म्हणून राक्षसाच्या वागण्याला कोणी संमती दिली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. अभ्यंकरांनी नेमके हेच केले आहे. भुवई किंचित उचलून, आवाज खाली आणून ते जी धमकी देतात तिला आरडाओरड्याची गरज उरत नाही. प्रेक्षकांनी दाद दिली ती या कसबाला.

माजघर (मालवण):
दशावताराचा दाखला सुंदर आहे, पण तो अर्धाच आहे. तिथे पहाटेपर्यंत राक्षसाचा वध होतो आणि प्रेक्षक त्यानंतरच घरी जातो. रोजच्या मालिकेत मात्र हा वध महिनोन्‌महिने लांबतो आणि तोवर आपण राक्षसाबरोबर रोज रात्री जेवायला बसलेलो असतो. दुसरे असे की या चर्चेत अण्णांच्या बायकोचे, माईंचे, नाव अद्याप कोणीच घेतलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अण्णा भयंकर वाटतात ते माई साकारणाऱ्या शकुंतला नरे यांच्यामुळे. नवऱ्याची चाहूल लागताच माईंचा हात चुलीपुढे क्षणभर थांबतो, पदर सावरला जातो आणि चाललेले बोलणे तिथेच तुटते. आमच्या आजीच्या पिढीतल्या कित्येक बायका अशाच वागत असत, आणि त्या घरांत भूत वगैरे काही नव्हते. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता गाजली, त्या कौतुकास त्या पात्रही आहेत. परंतु तिच्यावर मजकूर लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी माईंवर चार ओळी लिहिल्या? लेखनात दोष नाही, असे मी म्हणणार नाही, पण पाहणाऱ्यांच्या नजरेतही तो आहेच.

रापणकर (देवगड):
मला या मालिकेचे मोल भाषेसाठी वाटते. ‘वस्त्रहरण’ नाटकाने मालवणीला रंगभूमीवर मान मिळवून दिला खरा, पण त्यानंतर पडद्यावर मालवणी बोलणारा माणूस बहुधा गडी किंवा विनोदी पात्र म्हणूनच येत राहिला. येथे घरचा कर्ता पुरुष मालवणीत दरडावतो, बायका मालवणीत रडतात, भावंडे जमिनीवरून मालवणीत भांडतात. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच पांडू साकारत होते, म्हणून त्या भूमिकेतली बोली कुठेही घोटून पाठ केल्यासारखी वाटत नाही. कोकण म्हणजे केवळ भुतेखेते असे चित्र उभे राहिल्याची तक्रार पहिल्या भागाच्या वेळी झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले, तेव्हा तक्रारीचा सूर बराच खाली आला, हेही नमूद करायला हवे!

खळ्यातला पाहुणा:
माईंबद्दलचे म्हणणे मान्य आहे. मात्र माझा मूळ आक्षेप त्यामुळे बळकटच होतो. माईंच्या चुलीपुढच्या त्या क्षणांना दुसऱ्या भागात अधिक जागा मिळाली असती, तर अण्णांच्या हसण्याची नक्कल करताना माणूस थोडा अडखळला असता. तिसऱ्या भागाविषयी आपण सर्वांनी मौनच पाळलेले दिसते. २०२१ मध्ये अण्णा आणि शेवंता भुते होऊन ओसाड वाड्यात परतले आणि, निदान माझ्यापुरती, भीती संपली. भुताला गाऱ्हाणे घालता येते, नारळ देता येतो. जिवंत अण्णांपुढे त्या घरातल्या कोणाजवळ यातला एकही उपाय नव्हता.

संकासूर:
तिसऱ्या भागाबाबत आपले एकमत आहे. त्यातच शेवंता मध्येच बदलली. कृतिका तुळसकर यांनी मेहनत घेतली, पण तोपर्यंत प्रेक्षक दोघींची तुलना करण्यातच गुंतला होता आणि कथेकडे कोणाचे लक्षच उरले नव्हते.