प्रार्थनेचे शब्द बदलले तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

२७ नोव्हेंबर २०११, आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये त्या दिवशी इंग्रजी मिस्साचं (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेचं) नवं भाषांतर लागू झालं. भाषांतर मूळ लॅटिनला अधिक धरून हवं, असं रोमने २००१ सालीच सांगितलं होतं. हे बरं की वाईट, हा वाद इथे नको. मिस्सात फादरांना द्यायची, तोंडात बसलेली उत्तरं बदलताना तुमचं काय झालं, तेवढं सांगा. इतर भाषांतले बदलही चालतील.

वसई ते टोरांटो
बाकांवर नव्या उत्तरांची कार्डं ठेवली होती, तरी फादरांचं 'द लॉर्ड बी विथ यू' ऐकल्याबरोबर अर्धं चर्च जुनं 'अँड ऑल्सो विथ यू' आणि अर्धं नवं 'अँड विथ युअर स्पिरिट'. नुसता गलका! दर रविवारी येणाऱ्यांचं लवकरच बसलं. नाताळात आणि लग्न-मयताला मात्र पुन्हा तेच. वर्षातून एकदा येणारे आवाजावरून ओळखू यायचे. आमचे हे अजून कार्ड हातात धरतात, वाचत नाहीत.

अल्टो
तुमचं बोलण्यावर निभावलं, आम्हां क्वायरवाल्यांच्या चालीच गेल्या. ग्लोरियात (देवाच्या स्तुतिगीतात) आधी तीन क्रिया होत्या: वर्शिप, थँक्स, प्रेझ. नव्यात पाच: प्रेझ, ब्लेस, अडोअर, ग्लोरिफाय, थँक्स. जुन्या चालीत कोंबायला गेलं की श्वास पुरत नाही. काही संगीतकारांनी आपल्या रचना दुरुस्त केल्या, पण त्या शिकणं कोऱ्या चालीपेक्षा अवघड, कारण गळा जुन्या वळणावर आपोआप वळतो. 'होली, होली'मध्ये 'पॉवर अँड माइट'चं फक्त 'होस्ट्स' झालं, तिथे तर कित्येक महिने कोणी ना कोणी एकटाच 'पॉवर' म्हणून पुढे निघायचा. नशीब, 'अवर फादर'ला, म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेला, हात लावला नाही.

जुना गिरीजकर
मंडळी, आम्ही याहून मोठं पाहिलंय. लहानपणी मी वेदीसेवक, म्हणजे मिस्सात फादरांना मदत करणारा पोरगा, होतो. लोकांकडे पाठ फिरवून फादर लॅटिनमध्ये 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणायचे, 'एत कुम स्पिरितू तुओ' (तेच तुमचं 'अँड विथ युअर स्पिरिट') आम्ही पोरं म्हणायचो. अर्थ कोणाला ठाऊक! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर), साठच्या दशकात, मराठी आली. सगळे खूश असतील असं वाटेल, पण आजी वैतागली. मिस्साभर ती आपली रोजरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) करायची. आता दर दोन मिनिटांनी मणी सोडून उत्तर द्यायचं. भाषा तिची, तरी तिला कोणीतरी मध्येच टोकतंय असं वाटे. त्यामुळे २०११ साली मुलीने फोनवर 'स्पिरिट'ची तक्रार केली, तेव्हा मला हसूच आलं. माझ्यासाठी ते जुनंच होतं.

रविवारची टीचर, लंडन
काका, मान्य. पण श्रद्धेच्या कबुलीतलं 'कन्सबस्टॅन्शल विथ द फादर' (पित्याशी एकतत्त्व) आठ वर्षांच्या पोरांकडून म्हणवून बघा! आधीचं 'वन इन बीइंग' निदान उच्चारता यायचं. उलट कोमुनियनआधीचं (पवित्र भाकर घेण्याआधीचं) 'एंटर अंडर माय रूफ' मुलांना पटकन आवडलं, कारण 'तुम्ही माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही' असं येशूला सांगणाऱ्या शताधिपतीची गोष्ट त्यांना माहीत असते. छप्पर कोणाचं, हे समजावावं लागत नाही.

सिस्टर, रोमहून
इटालियनमध्ये थेट प्रभूची प्रार्थनाच बदलली. 'परीक्षेत नेऊ नकोस' या अर्थाच्या ओळीऐवजी 'परीक्षेत सोडून देऊ नकोस'. पोप फ्रान्सिस यांनी जुन्या ओळीबद्दलची नाराजी २०१७ साली बोलून दाखवली होती. मिस्साचं नवं पुस्तक २९ नोव्हेंबर २०२० पासून वापरायला मिळालं, २०२१ च्या ईस्टरपासून सक्तीचं झालं. सगळे मास्कमध्ये, त्यामुळे शेजारची काय म्हणतेय ते कळायचंच नाही. आमच्या मठातल्या म्हाताऱ्या सिस्टर जुनंच पुटपुटत असाव्यात, असा माझा संशय आहे. आम्ही परदेशी मुली ही प्रार्थना पाठ करूनच इटालियन शिकलो, म्हणून आम्हांलाही वेळ लागला. एकटी असले की मी मराठीतूनच म्हणते.

लेक्टर, बांद्रा
भारतात इंग्रजी वाचनांचं (मिस्सात वाचायच्या बायबलमधल्या उताऱ्यांचं) नवं पुस्तक २०२० च्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) लागू झालं. ऐन लॉकडाऊन, चर्चला कुलूप! पहिली वाचनं लोकांनी मोबाइलवर ऐकली, बदल झालाय हे अनेकांच्या लक्षातही आलं नाही. आम्हां वाचणाऱ्यांनाच चर्च उघडल्यावर वाक्यं कुठे तोडायची ते नव्याने बसवावं लागलं.

अल्टो
लेक्टर, तुमची मजा आहे. तुम्ही एकटे वाचता. आमच्याकडे चाळीस जणांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा असतो.