कोयना: कॅमेरा ट्रॅपमध्ये पिसोरी का येत नाही?

कारवी_सडा: कोयना अभयारण्यात सस्तन प्राण्यांची यादी करतोय. परवानगी आहे, कॅमेरा ट्रॅप (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) २०. पहिल्या फेरीत सगळे गाडीरस्त्याच्या कडेला, ६० सें.मी. उंचीवर बांधले. गवा, सांबर, बिबट्या, अस्वल मिळाले. पिसोरी (छोटा, ठिपकेदार, हरणासारखा प्राणी) नाहीच, उदमांजराची नुसती शेपटी. वर दुपारचे रिकामे फोटो ढिगाने. उंची बदलू की जागा?

पाऊलखूण: दोन्ही, पण आधी जागा. बिबट्या, रानकुत्रे रस्ता धरून चालतात, पिसोरी दाट झाडोरा सोडत नाही. नकाशावर चौकटी आखा, कॅमेरा चौकटीच्या मध्याजवळच्या जनावरांच्या पायवाटेवर, ओढ्याकाठी किंवा आडव्या पडलेल्या खोडाशी लावा. थोडे रस्त्यावर राहू द्या, पण त्यांची नोंद वेगळी.

उंची २५ ते ३० सें.मी. वाटेपासून अंतर दोन-तीन मीटर. त्याहून जवळ आलं की रात्री फ्लॅशने जनावर पांढरंफटक होतं आणि पिसोरीच्या अंगावरचे ठिपकेच दिसत नाहीत. बांधून झाल्यावर समोरून रांगत जा. लाल दिवा लागला नाही तर कॅमेऱ्याचं तोंड वर गेलंय. उतारावर हे हमखास होतं, मागे काटकीची पाचर मारा.

रिकामे फोटो म्हणजे तापलेलं, वाऱ्याने हलणारं गवत. सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. समोरचं सुकं गवत वनरक्षकाला विचारून दाबून घ्या, कारवी तोडत बसू नका.

कारवी_सडा: मग थेट पाणवठ्यावरच लावले तर?

पाऊलखूण: यादी पटकन वाढेल. पण एप्रिल-मे मध्ये सगळं रान तिथेच उतरतं, ते आकडे नोव्हेंबरच्या पायवाटेशी ताडून पाहता येत नाहीत. आणि आमिष अजिबात नको.

नोंदवही: सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासता ना? काही कॅमेरे मूळ तारखेवर परत जातात, मग निशाचर पिसोरी भर दुपारी फिरताना दिसते. पहिला आणि शेवटचा फोटो पाटीचा घ्या: ठिकाण, तारीख, घड्याळातली वेळ. कॅमेऱ्याच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल हवंच, धुक्यात काच आतून धूसर होते.

मोजताना एका कॅमेऱ्यावर अर्ध्या तासात तीच जात पुन्हा आली तर ती एकच नोंद. श्रम कॅमेरा-रात्रींत लिहा: २० कॅमेरे ३० रात्री चालले तर ६००, बंद पडलेल्या रात्री वजा. आणि गव्याचे फोटो भेकरापेक्षा जास्त म्हणून गवे जास्त, असं कृपया लिहू नका. मोठं जनावर लांबूनही टिपलं जातं, बस.

वटवट_वाघूळ: या सगळ्यात एक मोठं भोक राहतंय. भारतातल्या सस्तन प्राण्यांच्या निम्म्याहून जास्त जाती वटवाघळं आणि उंदीर-खारींच्या आहेत. जमिनीवरच्या कॅमेऱ्यात त्या जवळजवळ येतच नाहीत, आल्या तरी उंदराची जात फोटोवरून ठरत नाही. शेकरूसाठी सकाळी ठरलेल्या वाटेने सावकाश चाला, घरटी वेगळी मोजा, कारण एक शेकरू अनेक घरटी बांधतं. वटवाघळांना अल्ट्रासॉनिक रेकॉर्डर (आपल्याला ऐकू न येणारे त्यांचे आवाज टिपणारा), संध्याकाळी ओढ्यावर. उंदरांना पत्र्याचे शर्मन सापळे (जिवंत पकडणारे पेटीसारखे), आत पीनट बटर आणि थंडीसाठी कापूस. संध्याकाळी उघडा, उजाडताच तपासून बंद करा, उन्हात पत्रा तापला की आतला उंदीर मरतो. प्राणी पकडण्याची परवानगी मात्र वेगळी लागते, कॅमेऱ्याच्या पत्रात ती धरलेली नसते.

कारवी_सडा: म्हणजे सापळ्यांचा अर्ज आताच नागपूरला, वनविभागाच्या मुख्य कार्यालयात टाकतो. तोवर कॅमेरे खाली आणतो.