दोन्ही मशीन मास्टर होत असतील तर
कीपअलाइव्हडी (keepalived) हे दोन सर्व्हरमध्ये एक सामायिक पत्ता, म्हणजे व्हर्च्युअल आयपी, सांभाळणारं सॉफ्टवेअर. तो पत्ता एका वेळी एकाच मशीनकडे, म्हणजे मास्टरकडे असायला हवा; मास्टर पडला तरच दुसरं मशीन, म्हणजे बॅकअप, तो घेतं. तोच पत्ता दोन्ही मशीनवर एकाच वेळी दिसत असेल, तर आधी फायरवॉल बघा. कीपअलाइव्हडी व्हीआरआरपी (VRRP) वापरतं, म्हणजे मास्टरने बॅकअपला ‘मी चालू आहे’ असा निरोप देण्याचा प्रोटोकॉल. ते टीसीपी-यूडीपी नव्हे, आयपी प्रोटोकॉल ११२, मल्टिकास्ट (एकदम अनेकांना निरोप देणारा) पत्ता २२४.०.०.१८. म्हणून पोर्ट उघडत बसून काही होत नाही, फायरवॉलने हा प्रोटोकॉलच सोडायला हवा. इंदूरला आम्ही त्यात अख्खी रात्र घालवली, तिथल्या सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद) तेवढे पदरात पडले! मास्टरचा दर सेकंदाचा निरोप पोहोचला नाही की साधारण साडेतीन सेकंदांत बॅकअप स्वतःच गादीवर बसतो. सेटिंगमध्ये व्हर्च्युअल राउटर आयडी (जोडीचा क्रमांक) दोन्हीकडे एकच, प्रायॉरिटी मात्र वेगळी, समजा १५० आणि १००; जास्तवाला मास्टर. आणि पडलेला मास्टर उठल्याबरोबर आयपी परत ओढून घेतो. ते नको असेल तर त्या मशीनवर नोप्रीएम्प्ट (nopreempt, ‘परत ओढू नको’) हे सेटिंग लावा, पण मग तिथेही स्टेट (सुरुवातीची भूमिका) बॅकअपच लिहावं लागतं.