'एर्नानी' सहा बैठकांत कसं वाचावं?

गोदाकाठ_वाचक
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडवर आठ जणांचा वाचनगट आहे. व्हिक्टर ह्यूगोचं 'एर्नानी' हे फ्रेंच पद्यनाटक घेतोय, दर रविवारी दोन तास, सहा बैठका. तिघांना बऱ्यापैकी फ्रेंच येतं, बाकीचे इंग्रजी भाषांतरावर. अडचणी दोन. ओळीत बारा अक्षरं हवीत. आमची कधी अकरा भरतात, कधी तेरा. आणि शेवट पटत नाही. लग्नाच्या रात्री कोणी शिंग फुंकलं म्हणून नवरामुलगा विष का घेतो?

यतिभंग
आधी अक्षरांचं. शब्दाअखेरचा मूक स्वर पुढे व्यंजन असेल तर धरायचा, पुढे स्वर असेल तर सोडायचा, ओळीच्या टोकाला कधीच धरायचा नाही. बोलताना फ्रेंच माणूस तो गिळतो, म्हणून तुमची अकरा होतात. सहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे छोटा थांबा. पहिलीच ओळ घ्या:

स-रे-स-दे-झा-ल्वी | से-ब्यँ-आ-लेस-का-ल्ये

तिसरं अक्षर, 'स', हे ते मूक स्वराचं. ते गाळलं की अकरा. 'ल्ये'ची 'लि-ए' अशी फोड केली की तेरा.

आता गंमत बघा. ओळ संपते 'जिना' या शब्दावर आणि त्याचं विशेषण, 'चोर', पुढच्या ओळीच्या तोंडाशी येतं. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा मागून येतं. मराठीत हेच करायचं तर 'चोर' एका ओळीत आणि 'जिना' दुसरीत टाकावा लागेल. २५ फेब्रुवारी १८३० ला पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेझ नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा जुन्या वळणाच्या रसिकांना हे सहन झालं नाही. पण ह्यूगोचा कान पक्का आहे. रात्र आहे, म्हातारी दाई एकटी आहे, चोरदारावर टकटक होते. दचकलेल्या माणसाचं वाक्य ओळीत मावत नाही. म्हणून वाचताना 'ल्ये'वर थांबू नका, सूर वर ठेवून पुढे जा. प्रत्येक ओळीशी थांबत गेलात तर नाटक पाढ्यांसारखं ऐकू येईल.

तिसरी_घंटा
शेवट पटत नाही, कारण तिसरा अंक घाईत वाचला जातो. सगळं तिथे पेरलंय. राजावर सूड उगवायला निघालेला बंडखोर एर्नानी यात्रेकरूच्या वेषात म्हाताऱ्या सरदाराच्या, दों रुई गोमेझच्या, गढीत येतो. म्हातारा त्याच दिवशी एर्नानीच्या प्रेयसीशी, दोन्या सोलशी, लग्न करणार असतो. हा आपला प्रतिस्पर्धी आहे हे कळूनही तो त्याला राजाच्या हाती देत नाही, कारण तो पाहुणा आहे. सहावा प्रवेश मोठ्याने वाचा: स्पेनचा राजा बंडखोर मागतो आणि म्हातारा त्याला पूर्वजांची चित्रं एकेक करून दाखवत जातो. शेवटचं चित्र त्याचं स्वतःचं, आणि त्याच्याच मागे एर्नानी लपलाय. राजा चिडून दोन्या सोलला ओलीस नेतो. आपला जीव वाचवणाऱ्या माणसाला एर्नानी त्यानंतर शिंग देतो: हे वाजेल त्या क्षणी माझा प्राण तुझा. शपथ बापाच्या नावाची.

चौथ्या अंकातली एक जागा हमखास निसटते. राजाला कोणी मारायचं यासाठी कटवाले चिठ्ठ्या टाकतात आणि एर्नानीचं नाव निघतं. म्हातारा म्हणतो, तो वार मला करू दे, शिंग परत देतो. एर्नानी नकार देतो. म्हणजे सुटकेची वाट होती, ती त्याने सूडापायी सोडली. थोड्याच वेळात राजा सम्राट होतो, सगळ्यांना माफ करतो आणि सूडाचं कारणच संपतं. शब्द मात्र मागे उरतो. पाचव्या अंकातलं शिंग ही त्या शब्दाची वसुली आहे.

(इतिहास तपासणाऱ्यांसाठी: राजाची सम्राट म्हणून खरी निवड १५१९ मध्ये फ्रांकफुर्टला झाली. नाटकात ती बातमी त्याला आखेनमध्ये जुना सम्राट शार्लमेन याच्या कबरीपाशी मिळते. कबरीपुढचं त्याचं लांबलचक स्वगत एकाच्या गळ्यात घालू नका, तिघांत वाटा.)

दुभाषी_नाशिक
भाषांतर करून चर्चा करणार असाल तर फ्रेंच 'ओनर'ला (इंग्रजीतलं 'ऑनर') 'सन्मान' म्हणू नका. सन्मान दुसरा करतो. म्हाताऱ्याच्या तोंडी 'इभ्रत', पाहुण्याच्या बाबतीत 'शरणागताचं रक्षण', एर्नानीच्या तोंडी 'शब्द'. एकच प्रतिशब्द सगळीकडे लावला की हे तीन वेगळे हट्ट एकसारखे दिसायला लागतात.

सर्वनामंही वहीत टिपून ठेवा. दोन्या सोल 'तुम्ही माझे सिंह' म्हणते, अहो-जाहो करून, आणि तरी ते वाक्य किती उघडं आहे! ती भूमिका करणाऱ्या माद्मवाझेल मार्स यांना तो 'सिंह' नको होता. त्यांनी 'महाराज' घातलं, असं लेखक अलेक्झांडर द्युमा यांनी लिहून ठेवलंय. त्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. दोन्ही शब्द घालून एकदा वाचून बघा, फरक लगेच कळेल.

बैठकांची वाटणी: पहिला-दुसरा अंक एका रविवारी, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक, पाचव्याला एक. सहाव्या बैठकीत शिरवाडकरांचं 'वैजयंती' घ्या. तेही मूळ फ्रेंच नाटकावर, मातरलिंकच्या 'मॉना व्हॅना'वर बेतलेलं आहे. तिथे इभ्रत पणाला लागते ती बाईची.

गोदाकाठ_वाचक
तिसऱ्याला दोन रविवार, ठरलं. चित्रांचा प्रवेश आठही जण उभ्याने वाचू. विष आधी कोण पितं, यावर आमच्यात वाद आहे.

तिसरी_घंटा
दोन्या सोल. ती कुपी हिसकावून आधी पिते आणि त्याचा वाटा ठेवते. शब्द त्याने दिला होता, तिने नव्हता. पाचव्याची चर्चा इथूनच सुरू करा.