शाळा म्हणते 'स्पेशल स्कूलला टाका', दाखला काढायचा की तक्रार करायची?

शलाका_कल्याण:
मुलगा ८ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, यूडीआयडी म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र आहे आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या वर आहे. इंग्लिश मीडियमच्या खाजगी शाळेत दुसरी झाली. परवा मीटिंगला बोलावून सांगितलं की तिसरीपासून आम्हाला जमणार नाही, तुम्ही एलसीसाठी म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज द्या आणि एखादी चांगली स्पेशल स्कूल बघा, त्याच्याच भल्यासाठी सांगतोय. म्हटलं हेच लेखी द्या, तर म्हणे लेखी कशाला, आपण घरच्यासारखे आहोत.

माझं मत स्पष्ट आहे. अर्ज द्यायचा नाही. अर्ज आपण दिला की रेकॉर्डवर 'पालकांनी स्वेच्छेने दाखला नेला' एवढंच राहतं, आणि मग अपील कशाविरुद्ध करणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ६ ते १८ वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्पेशल स्कूलमध्ये, त्याच्या पसंतीने, मोफत शिकायचा हक्क आहे. पसंती त्याची, म्हणजे आज आमची, शाळेची नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी कृपया लिहा, आणि मी चुकते असं वाटत असेल तर तेही लिहा.

अनघा_म:
शलाकाताई, मी विरोधी मत देतेय, राग मानू नका. माझी मुलगी आता मोठी आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे. चौथीपर्यंत नॉर्मल शाळेत ठेवली, कोणी काढलं नाही, उलट सगळे गोड बोलायचे. पण चार वर्षं ती शेवटच्या बाकावर चित्रं रंगवत होती, कारण टीचरला पोर्शन संपवायचा असतो आणि ही त्रास देत नाही मग बसू दे. पाचवीला स्पेशल स्कूलमध्ये घातली. तिथे पैसे मोजायला शिकली, एकटी रस्ता क्रॉस करायला शिकली, मासिक पाळीत स्वतःचं स्वतः करायला शिकली, आणि मुख्य म्हणजे तिला मैत्रिणी मिळाल्या. त्याआधी तिला एकाही वाढदिवसाला बोलावणं नव्हतं. तुम्ही हक्कासाठी दोन वर्षं भांडाल, पण त्या दोन वर्षांत ज्या शाळेला तो नकोय त्याच शाळेत तो रोज सात तास बसणार आहे. ८ ते १० हे वय परत मिळत नाही. मला हक्क कळतो ताई, पण मला आधी मूल दिसतं.

विदर्भीय:
अनघाताईंचं म्हणणं मनाला पटतं, पण त्यांनी स्वतः निवड केली, इथे शाळा निवड करतेय. हा फरक सोडून चालणार नाही.

शलाकाताई, रस्ता असा आहे. आधी शाळेला पत्र, की अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये तुम्ही असं म्हणालात, आम्ही दाखला मागत नाही, प्रवेश चालू ठेवा. मग आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे म्हणजे तुमच्याकडे महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार. त्यांनी दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मूल आठवीपर्यंत आहे तोवर शाळेतून काढता येत नाही हे आरटीईतच आहे. शाळा अल्पसंख्याक असेल तर मात्र हा रस्ता बंद समजा, कारण सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा आरटीईतून बाहेर गेल्या. तिथे दिव्यांग हक्क कायदाच उपयोगी. त्याचं कलम १६ सरकारी मदत असलेल्या किंवा मान्यता असलेल्या संस्थांबद्दल बोलतं, आणि मान्यता तर सगळ्यांनाच लागते. त्याची तक्रार पुण्याला, दिव्यांग आयुक्तांकडे.

गुरुजी_सातारा:
मी झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे म्हणून आमची बाजू पण मांडतो. आरटीई कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. माझ्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत, पट त्याच्या बराच वर, आणि त्यात निवडणुकीची कामं, पोषण आहार, ऑनलाईन माहिती भरणं हे आहेच. एक पोरगा ऑटिझमचा आहे, आवाज वाढला की कान दाबून ओरडतो, कधी दाराबाहेर पळतो. शाळेपासून रोड जवळ आहे. तो पळाला की मी बाकीची पोरं सोडून त्याच्यामागे जायचं का? गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, माणूस चांगला आहे, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आमच्याकडे कधी तरी फेरी होते. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलं की प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे. आदेश आला, माणूस आला नाही. अपील जिंकून तुम्ही पोराला वर्गात आणाल हो, पण वर्गात मी एकटाच असणार. समावेशक शिक्षण हे नाव चांगलंय, ते माझ्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नका एवढंच म्हणतो.

शलाका_कल्याण:
गुरुजी, तुम्ही त्या पोरामागे धावता हे वाचून खूप बरं वाटलं, खरंच. पण तुम्ही जे सांगताय ती तक्रार सरकारविरुद्ध आहे, आणि त्याची किंमत माझ्या मुलाने का द्यायची? विशेष शिक्षक नाही म्हणून मूल बाहेर, आणि वर्गात असं मूलच नाही म्हणून विशेष शिक्षकाची गरज नाही, असंच चालू राहणार. मुलं वर्गात असतील आणि पालक तक्रार करत असतील तरच ती पदं भरली जातील.

आमच्या शाळेची गोष्ट तुमच्यासारखी नाहीये. पहिलीत म्हणाले शॅडो टीचर ठेवा, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी बाई, आम्ही आमच्या खर्चाने ठेवली, तो खर्च आम्हाला झेपत नव्हता तरी ठेवली. आता म्हणतात शॅडोमुळे बाकीची मुलं डिस्टर्ब होतात. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी करणाऱ्या मॅडमनी शाळेला साधी साधी चार पानं लिहून दिली होती, की त्याला दारापासून लांब बसवा, वेळापत्रक चित्रात द्या, असेंब्लीच्या स्पीकरजवळ उभं करू नका. त्यातलं एकही करून बघितलेलं नाही. करून बघितलं असतं आणि जमलं नसतं तर मीच दुसरी शाळा शोधली असती.

संस्थाचालक_४१:
मी एका छोट्या विनाअनुदानित शाळेच्या संस्थेवर आहे. आमची फी कमी आहे, आरटीईच्या २५ टक्के जागांचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, शिक्षकांचे पगार करताना नाकी नऊ येतात. आता रॅम्प, विशेष शिक्षक, काउन्सेलर, सगळं आमच्याकडूनच पाहिजे. त्याच दिव्यांग कायद्यात असंही आहे की सोय 'वाजवी' असावी, संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये. ते वाक्य कोणी वाचत नाही. आणि दुसऱ्या पालकांचे फोन कोण घेणार? माझ्या मुलीला चावला, माझ्या मुलाची वही फाडली. त्यांचीही मुलंच आहेत ना. आम्ही स्पेशल स्कूल सुचवतो ते हाकलायला नाही, तिथे ट्रेन झालेली माणसं आहेत म्हणून.

विदर्भीय:
साहेब, ते वाक्य मी वाचलंय. पण बोजा अवाजवी आहे हे मीटिंगमध्ये तोंडी सांगून होत नाही, दाखवावं लागतं. चित्रांचं वेळापत्रक आणि दारापासून लांबचा बाक याला काय खर्च? विशेष शिक्षक परवडत नाही हे मी मान्य करतो, मग आधी महापालिकेला तसं पत्र लिहा, पालकाला एलसीचा अर्ज लिहायला लावू नका. तुमची संस्था असं पत्र लिहिणार असेल तर त्याच पत्रावर पालकही सही करतील.

सुधीर_सांगली:
आम्ही तक्रार केली होती आणि निकाल आमच्या बाजूने लागला, म्हणून पुढचं सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. मुलगा शाळेत राहिला. आणि मग गॅदरिंगला त्याचं नाव नाही, सहलीला 'रिस्क आहे, तुम्ही सोबत या किंवा पाठवू नका', पेपर तपासून न देता नुसता ग्रेड. कोणी वाईट बोलत नाही पण कोणी बोलतच नाही. बायको म्हणायची आपण जिंकलो की हरलो. आमच्या आदेशात फक्त 'प्रवेश कायम ठेवावा' होतं. त्याच्यासाठी काय करायचं, कोण करणार, कधी तपासायचं हे आम्ही मागितलंच नव्हतं. तुम्ही तक्रार करा, पण मागणी नुसती प्रवेशाची नको. आयईपी म्हणजे त्याचा स्वतःचा अभ्यासाचा प्लॅन लेखी मागा, त्याचा आढावा दर तीन महिन्यांनी मागा, सहल आणि गॅदरिंगसुद्धा नाव घेऊन लिहा.

दिव्यांग आयुक्तांबद्दल एक. त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात. ती ज्या अधिकाऱ्याकडे जाते त्याने तीन महिन्यांत सांगायचं असतं काय केलं, आणि मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. म्हणजे तिकडून ऑर्डर आली की संपलं असं धरून चालू नका.

रीडिंगकर:
इंग्लंडमधून लिहितोय, माझी मुलगी पण ऑटिस्टिक आहे. इथे कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखी संस्था मुलाचा एक कायदेशीर प्लॅन बनवते आणि त्यात शाळेचं नाव लिहावं लागतं. पटलं नाही तर त्या पत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत ट्रायब्युनलला अपील. सुनावणी लवकर मिळते असं अजिबात नाही, कित्येक महिने जातात, आणि लोक इथेही थकतात. आणि गंमत नाही, खरं सांगतो, इथे बरेच पालक उलट्या बाजूने भांडतात, की नॉर्मल शाळा नको, स्पेशल स्कूल द्या, कारण तिथे जागा कमी आणि खर्च जास्त. म्हणून अनघाताई म्हणतात तसं स्पेशल स्कूल म्हणजे शिक्षा असं मी मानत नाही. पण निर्णय कागदावर असतो, त्यामुळे भांडायला काहीतरी हातात असतं. शलाकाताईंकडे तोच कागद नाहीये.

अनघा_म:
रीडिंगकर, तुमच्याकडे अपील हरलं तरी प्लॅनमधली थेरपी मिळते. इथे तक्रार चालू असताना मुलाला काय मिळणार? सुधीरदादांनी लिहिलं ना, मूल वर्गात राहतं आणि एकटं पडतं. माझी मुलगी तशीच एकटी होती आणि मी तक्रारही केली नव्हती.

शलाकाताई, मी तुम्हाला शरण जा म्हणत नाही. पण दोन-तीन स्पेशल स्कूल आत्ताच बघून या, आत बसून तास बघा. अनुदानित शाळेत जागा मोजक्या असतात, जून उलटला की हात हलवत परत याल.

शलाका_कल्याण:
बघायला जाणार आहे, सोमवारी एक ठरवलीये, आणि अनघाताई, तुम्ही तास बघायला सांगितलं ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण एक भीती आहे. स्पेशल स्कूल दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात, नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाखाली. एकदा तिकडे गेलं की परत इकडे यायचं म्हटलं तर कोण दार उघडणार, जी शाळा आज आत असलेल्याला बाहेर काढतेय ती? तो वाचतो. मराठी आणि इंग्लिश दोन्ही. गणितात वर्गाच्या पुढे आहे. त्याला गोंगाट सहन होत नाही आणि तो नजरेला नजर देत नाही, एवढ्यासाठी त्याची शाळा बदलायची हे मला मान्य होत नाहीये.

अनघा_म:
दोन भाषा वाचतो हे आधी लिहायचंत ना. माझ्या मुलीची आणि त्याची गोष्ट वेगळी आहे मग. तरी वर्गातल्या एकटेपणाबद्दल मी म्हटलं ते कायम आहे, तो वाचतो म्हणून त्याला मित्र मिळतील असं नाही.

गुरुजी_सातारा:
ताई, तुमच्या त्या ओटी मॅडमची चार पानं मला मिळतील का? नाव खोडून पाठवा. दारापासून लांब बसवायचं मी केलंय पण चित्राचं वेळापत्रक कसं करतात ते बघायचंय.

शलाका_कल्याण:
पाठवते गुरुजी, आजच.

सगळ्यांच्या सल्ल्याने पत्राचा मसुदा केलाय. शाळेची मीटिंग कोणत्या तारखेला झाली, कोण हजर होतं, काय म्हणाले. आम्ही दाखला मागत नाही. प्रवेश चालू ठेवावा. आयईपी ३० दिवसांत, दर तीन महिन्यांनी आढावा, महापालिकेच्या विशेष शिक्षकाला बोलावण्यासाठी शाळेने पत्र द्यावं, ओटीच्या सूचनांपैकी कोणत्या अमलात आणणार आणि कोणत्या का नाही ते लेखी, सहल आणि गॅदरिंग बाकीच्या मुलांसारखं. आणि मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत दोन मुलांची जोडी लावून द्यावी, हे अनघाताईंमुळे घातलंय.

विदर्भीय:
चांगलंय. 'विनंती' हा शब्द एकदाच ठेवा, बाकी ठिकाणी कलमाचा नंबर द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ऑफिसमध्ये पोच देत नसतील तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पोच मागून पाठवा आणि पावती जपा. तक्रारीला तीच लागेल.