मदत हवी आहे: खुब्याच्या मॅन्युअल थेरपीचं (हाताने सांधा मोकळा करण्याच्या उपचाराचं) प्रशिक्षण, कोर्स कसा निवडावा?

नमस्कार. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) आहे, राज्याच्या कौन्सिलची नोंदणी आहे, मुलुंडला क्लिनिक चालवते. खुब्याची झीज असलेले पन्नाशी-साठीचे रुग्ण बरेच येतात. मांडी घालता येत नाही, वाकून मोजा चढवता येत नाही, लोकलच्या पायरीवर पाय टाकताना जांघेत कळ येते. मुंबईत शनिवार-रविवारचे कोर्स होतात, पण जाहिरातीवरून काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं:

१. आयोजकांना नेमकं काय विचारावं?
२. लाँग ॲक्सिस डिस्ट्रॅक्शन (पाय लांबीच्या दिशेने ओढून सांधा उघडणं) देताना रुग्ण अख्खा प्लिंथवरून (उपचाराच्या टेबलावरून) सरकतो. बांधायचं कुठे?
३. मलिगनच्या पद्धतीतल्या पट्ट्याने लॅटरल ग्लाइड (मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला सरकवणं) देताना काहींना जांघेत चिमटा बसतो. पट्टा चुकतो की कोन?

प्रतिसाद : माहीमकर

दोन आणि तीन आधी घेतो. कोर्स कसा पारखायचा ते त्यातूनच कळेल.

खुबा खोल वाटीत बसलेला सांधा, त्यावर जाड कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण). पाय पूर्ण सरळ ठेवून ओढलंत तर लिगामेंट आधीच पिळलेले असतात आणि ओढ सांध्यापर्यंत पोचत नाही. आधी मोकळी स्थिती घ्या: साधारण ३० अंश फ्लेक्शन (मांडी वर उचललेली), ३० अंश ॲबडक्शन (पाय बाजूला फाकलेला), पाय किंचित बाहेर वळलेला. एक पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडाच्या दोन्ही पुढच्या टोकांवरून प्लिंथला. दुसरा त्याच बाजूच्या जांघेतून, घडी केलेला टॉवेल घालून, डोक्याच्या दिशेला बांधायचा. घसरणं थांबवतो तो हा दुसरा पट्टा, आणि नेमका तोच लोक गाळतात. तो कुठून जाणार हे रुग्णाला आधी सांगून परवानगी घ्या. रेक्झिनवर घामाने अंग सरकतं, म्हणून पाठीखाली पातळ रबरी मॅट.

पकड घोट्याच्या वर; गुडघा दुखरा किंवा सैल असेल तर मांडीच्या खालच्या टोकाला. कोपर सरळ, एक पाऊल मागे, आणि शरीराचा भार मागे सोडायचा. दंडाने ओढलं की ओढ थरथरते, रुग्ण स्नायू आवळतो आणि सगळं वाया जातं. पाय लांब झाल्यासारखा दिसला म्हणून खूश होऊ नका, बरेचदा ओटीपोटच त्या बाजूला खाली झुकलेलं असतं. हाडाच्या पुढच्या टोकावर सहायकाचं बोट ठेवून बघा: ते हललं तर सांधा उघडलेला नाही.

दुखणं जास्त असेल तर मेटलंडच्या मोजपट्टीवरच्या (सांधा किती हलवायचा त्याच्या पायऱ्या) हलक्या ग्रेड १-२ वर थांबा. आखडलेपणासाठी ३-४, एका वेळी ३० सेकंद, तीन ते पाच वेळा. लगेच पालथं झोपवून, गुडघा ९० अंशात ठेवून इंटर्नल रोटेशन (मांडी आतल्या बाजूला वळणं) गोनिओमीटरने (कोनमापकाने) मोजा. मोजल्याशिवाय पुढची फेरी नको.

प्रतिसाद : जांभूळपाखरू

तिसऱ्याचं उत्तर: बहुतेक वेळा दोन्ही.

पट्टा जांघेच्या घडीला, जितका वर जाईल तितका वर हवा. मांडीच्या मध्यावर घसरला की तो सांधा बाजूला नेण्याऐवजी मांडीच बाहेर फाकवतो. एका हाताने इलियमची (कमरेच्या हाडाची) बाहेरची बाजू रोखून धरा, आपलं ओटीपोट मागे नेऊन ओढ द्या आणि ती कायम ठेवून इंटर्नल रोटेशन करवा. ओढ मध्येच सुटली तर कळ परत येते. पट्ट्याखाली फोम हवाच, तिथून फिमोरल धमनी आणि नर्व्ह जातात.

९० अंशांत चिमटा बसत असेल तर फ्लेक्शन ७०-८० वर आणा, ओढीची दिशा थोडी बदला. मलिगनचा नियम कडक आहे: हालचाल वेदनारहित झाली तरच सहा ते दहा वेळा, तीन फेऱ्या. दोन-तीन बदल करूनही दुखत असेल तर या रुग्णाला हे तंत्र नाही.

तरुण रुग्णात शेवटाला टणक, हाडाला हाड लागल्यासारखा अटकाव लागला तर तो कॅप्सूलचा नव्हे, हाडाच्या आकाराचा असू शकतो. तिथे जोर लावून फक्त लॅब्रम (वाटीच्या काठाची कूर्चेची कडा) दुखावतं. हे बोटांना ओळखता येणं ही अर्धी विद्या आहे आणि ती व्हिडिओवरून येत नाही.

प्रतिसाद : माहीमकर

+१. आता पहिला प्रश्न. विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, एका प्लिंथवर किती जण, आणि एकूण तासांपैकी हात चालवायला किती? एका प्लिंथवर तीन जण ठीक (रुग्ण, करणारा, बघणारा), सहा असतील तर पैसे वाचवा. प्रवेशाला पदवी विचारत नाहीत, किंवा दोन दिवसांत थ्रस्ट (सांध्याला झटका देण्याचं तंत्र) शिकवू म्हणतात, तिथे जाऊच नका.

आणि हात कधी लावायचा नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात का? स्टेरॉइड घेतलेल्या, दारूची सवय असलेल्या किंवा सिकलसेलच्या तरुण रुग्णाच्या जांघेत दुखतंय तर एव्हीएनचा (रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा) संशय आधी. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआय लागतो. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला वजन टाकताच कळ येत असेल तर फिमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेचा स्ट्रेस फ्रॅक्चर. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्रीची कळ असेल तर टीबीचा संशय. हे सगळं ऑर्थोपेडिककडे आधी.

प्रतिसाद : शंकासुर

या सगळ्याचा उपयोग किती, पुरावा आहे का?

प्रतिसाद : जांभूळपाखरू

रास्त प्रश्न. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या ऑर्थोपेडिक विभागाची २०१७ ची मार्गदर्शिका सौम्य ते मध्यम झिजेसाठी मॅन्युअल थेरपी सुचवते: आठवड्याला एक ते तीन वेळा, ६ ते १२ आठवडे. २०१९ ची अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची मार्गदर्शिका मात्र व्यायामाला तिची जोड देण्याच्या विरोधात सशर्त कौल देते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: व्यायाम मुख्य, हात त्याची वाट मोकळी करायला. मोकळा झालेला कोन तिथल्या तिथे वापरून घ्या. ब्रिजिंग (उताणं झोपून कंबर उचलणं), कुशीवर झोपून ॲबडक्शन, खुर्चीतून उठबस, पायरी चढणं, प्रत्येकी दहाच्या दोन-तीन फेऱ्या. तसाच घरी पाठवलात तर पुढच्या वेळी पुन्हा तोच आखडलेला खुबा.

प्रतिसाद : धागाकर्ती

जांघेचा पट्टा वापरत नव्हते, आता लावून बघते. घरी जाऊन उपचार करताना दिवाण बुटका असतो, बांधायला जागा नसते. तिथे?

प्रतिसाद : माहीमकर

दिवाणावर डिस्ट्रॅक्शनचा हट्ट नको. गादी दबते, ओढ तिथेच जिरते आणि वाकून तुमची कंबर जाते. पालथं झोपवून, ओटीपोटाखाली घट्ट घडीची चादर घालून, नितंबाच्या घडीपाशी तळहाताने वरून खाली पीए ग्लाइड (मांडीचं हाड मागून पुढे सरकवणं) द्या; त्याला पट्टा लागत नाही. खुबा बदललेला असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर हेही करू नका, फक्त व्यायाम.