लेक दहा महिन्यांसाठी जर्मनीत, होस्ट फॅमिलीकडे: तिकीट, भेटवस्तू, पहिले चार दिवस?

काळजीवाहू_आई
लेक १६ वर्षांची. ऑगस्टअखेर फ्रांकफुर्टला उतरणार, तिथून ट्रेनने कासेल, पुढे दहा महिने होस्ट फॅमिलीत. घरात आई-बाबा, दोन लहान मुलं आणि एक मांजर. ते स्टेशनवर घ्यायला येणार आहेत. सामान २३ किलोची एक बॅग आणि केबिनचे ७ किलो. ट्रेनचं तिकीट, भेटवस्तू आणि बारीकसारीक खरेदी १०० युरोत बसवायची आहे. तिकीट आत्ताच काढू का? भेट काय द्यावी? पहिल्या चार दिवसांत नेमकं काय अडतं?

ठणठणीत_बॅग
आधी बॅग. पॉलिकार्बोनेटची, चार दुहेरी चाकं, २५० युरोपर्यंत जाईल, पण एकदाच घ्यायची. माझी सहा वर्षं वापरतोय, ओरखडा नाही.

रूळकरी
बजेट १०० आणि बॅग २५० ची. छान.
तिकिटाचं सांगतो. 'श्पारप्राइस' स्वस्त, पण ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं तर ते वाया, कारण विमान आणि रेल्वे हे दोन वेगळे करार. 'फ्लेक्सप्राइस' महाग, पण त्या दिवशी त्या मार्गावरच्या कुठल्याही गाडीत चालतं. श्पारप्राइसच काढायचं असेल तर एक लक्षात ठेवा: रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त विलंब दिसत असेल तर गाडीचं बंधन सुटतं, पुढची गाडी धरता येते.
आता जिथे खरी गडबड होते ते. फ्रांकफुर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. 'रेगिओनालबानहोफ' लोकलसाठी, 'फेर्नबानहोफ' लांबच्या गाड्यांसाठी. कासेललाही मोठी दोन: आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची जलद गाडी, 'कासेल-विल्हेल्म्सह्योहे'ला थांबते, 'कासेल हाउप्टबानहोफ'ला नाही. नावात हाउप्ट, म्हणजे मुख्य, असल्यामुळे नवखा माणूस तेच शोधत बसतो. होस्टना स्टेशनचं पूर्ण नाव, गाडीचा क्रमांक आणि डबा, तिन्ही कळवा.

थंडीवाज
जाडजूड जॅकेट घेतलं का? ऑगस्ट म्हणून फसू नका.

रूळकरी
जॅकेट २३ किलोतलं दीड किलो खातं. तिथे ऑक्टोबरमध्ये घेता येतं. तोवर एकावर एक घालायचे पातळ थर आणि पावसाचं जॅकेट पुरतं.

थंडीवाज
तिथे महाग पडतं.

ठणठणीत_बॅग
चार चाकांवरून आठवलं, फरसबंदी दगडांच्या रस्त्यावर चार चाकं अडखळतात. तिथे दोनच चाकांवर तिरकी करून ओढायची. बॅग तरीही तीच घ्या.

प्लगपुराण
बारीकसारीकमध्ये अडॅप्टर येईल म्हणून. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. सॉकेट गोल आणि आत खोल असतं. आपली तीन गोल पिनांची त्यात जात नाही. दोन बारीक पिनांचा मोबाइल चार्जर बहुतेक थेट जातो. चौकोनी 'युनिव्हर्सल' अडॅप्टर घेऊ नका: कडा खोबणीत बसत नाहीत, वजनाने लोंबतो, आणि बऱ्याच मॉडेलांत अर्थिंग नसतं. गोल तोंडाचे, अर्थिंगवाले दोन पुरे. इस्त्री, हेअर ड्रायर नेऊच नका.
पॉवर बँक केबिनमध्येच, मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४,००० मिलिवॅट-तास, अर्थात ७४ वॅट-तास, चालते. आकडा पुसलेली पॉवर बँक सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात.

साजूक
भेट म्हणून घरचं तूप आणि पेढे. याहून मोठी भेट नाही.

कस्टम_काका
तूप अजिबात नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप दुधातच धरतात. पेढ्यांवरून काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते घरीच खा. ताजी फळं, पानं, बियांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कढीपत्ता आणि आंबा बाद. सूट पाचच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन. दळलेले कोरडे मसाले बंद पाकिटात चालतात.

साजूक
म्हणजे नारळ चालतो आणि तूप नाही? धन्य.

खिडकीवाली
भेटवस्तू सोडा, खिडकी शिका. गंमत नाही. हँडल खाली म्हणजे बंद, आडवं म्हणजे दारासारखी उघडी, वर म्हणजे वरून कललेली. उघड्या खिडकीचं हँडल चुकून वर फिरवलं तर वरचा कोपरा सुटतो आणि ती एकाच बिजागरीवर लटकल्यासारखी वाटते. घाबरायचं नाही. वरचा कोपरा चौकटीत दाबून धरायचा, हँडल आडवं करायचं, मग खाली.
हिवाळ्यात ती दिवसभर कलती ठेवू नये. उष्णता जाते, भोवतीची भिंत गार पडते आणि तिथे बुरशी धरते. हीटर बंद करून पाच ते दहा मिनिटं सताड उघडायची, दिवसातून दोन-तीनदा. आणि घरात मांजर आहे ना? मग कलती खिडकी ठेवण्याआधी विचारायचंच. त्या फटीत मांजर अडकून जीव जाऊ शकतो.

किल्लीदार
+१ खिडकीला. त्याहून महत्त्वाचं दार. बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसती मूठ. दार ओढलं की लागलं, किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. आतून किल्ली कुलपात ठेवली तर बऱ्याच कुलपांत बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही. अपार्टमेंट असेल तर एक किल्ली हरवल्यावर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून हाफ्टफ्लिष्ट विमा (आपल्याकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) आहे का आणि त्यात किल्ली हरवणं धरलं आहे का, हे तिला पाठवणाऱ्या कार्यक्रमाच्या कागदांत आत्ताच शोधा.

शिक्कामोर्तब
अडणार ते 'आनमेल्डुंग'. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. पासपोर्ट आणि घर राहायला देणाऱ्याची सही असलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा फॉर्म लागतो. होस्ट स्वतः भाडेकरू असले तरी सही तेच करू शकतात, त्यामुळे आत्ताच सांगून ठेवा. १६ पूर्ण असेल तर नोंदणीची जबाबदारी तिची स्वतःची. व्हिसा दहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा असेल तर पुढे परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंटही लागेल. आनमेल्डुंगच्याच आठवड्यात मागा.
प्रीपेड सिम ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही, २०१७ पासून. पहिले दिवस ई-सिमवर काढा.

थंडीवाज
हातमोजे?

शाकाहारी_पण
शाकाहारी असेल तर 'वेगेटारिश' एवढ्यावर थांबू नका. त्यात अंडं येतं. जिलेटिन आणि मांसाचं स्टॉक, दोन्ही आधीच लिहून कळवा. नाहीतर सूप भाज्यांचं आणि पाणी हाडांचं.

साजूक
आणि तूप नाही.

खिडकीवाली
भेट स्टेशनवर नाही, घरी बसल्यावर द्यायची. मुलांसाठी सगळ्यांना मिळून खेळता येईल असं हलकं काहीतरी, मोठ्यांना एखादं सपाट कापड. सुगंधी काही नको, काही वास मांजरांना बाधतात. होस्टपैकी कुणाचा वाढदिवस जवळ असेल तर आधीच्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, तिथे अपशकून मानतात.
पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्यायचे प्रश्न: बाथरूम सकाळी कुणाचं किती वाजता, कपडे कुठल्या दिवशी धुतात, फ्रिजमधलं काय न विचारता घ्यायचं, घरी किती वाजेपर्यंत. हे न विचारता अंदाजाने वागलं की तिसऱ्या आठवड्यात चेहरे पडतात.

काळजीवाहू_आई
सगळ्यांचे आभार. स्टेशनच्या नावाचं बरं सांगितलंत, आम्ही होस्टना खरंच 'कासेल हाउप्टबानहोफ' कळवलं होतं. दुरुस्त केलं. सहीच्या फॉर्मचंही विचारलंय.
तिकीट श्पारप्राइसच काढलं, विमान उतरल्यावर पाच तासांनी सुटणाऱ्या गाडीचं. लेक म्हणते बसेन पुस्तक घेऊन. आणि भेट तिने स्वतः ठरवली: पितळी खलबत्ता, २ किलो ८०० ग्रॅम. पुष्कळ समजावलं.

रूळकरी
पाच तास पुरावेत. फेर्नबानहोफला तो वेळ विल्हेल्म्सह्योहेच्या गाडीतला तिचा डबा प्लॅटफॉर्मवर कुठल्या अक्षराखाली येतो ते बघण्यात घालवा. डब्यांचा क्रम कधीकधी उलटा येतो.

कस्टम_काका
खलबत्ता चेक-इनमध्ये. बत्ता केबिनमध्ये सापडला तर सिक्युरिटी तो ठेवून घेईल आणि मुलगी नुसता खल घेऊन कासेलला पोचेल.